दगडालाही भरती येते

वाचकहो, सुरुवातीलाच एक सरळ प्रश्न विचारते. ‘माझं चुकलं’ हे तुम्ही कधी छापून वाटलंय का? मनातल्या मनात म्हणणं वेगळं, दार लावून घरच्यांपुढं म्हणणं वेगळं. मी म्हणतेय ते कागदावर छापून, खाली स्वतःचं नाव घालून, भर चौकात उभं राहून, आणि ज्याच्याशी आपलं भांडण आहे त्याच्याही हातात देऊन. पुढाऱ्यांकडून ही अपेक्षा आपण रोज करतो. स्वतःकडून किती जण करतो? मी एकदा केलंय. अठराव्या वर्षी, दातओठ खात, आणि निव्वळ एका माणसापायी. सुकदेवनाना कातकाडे त्यांचं नाव. सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं ते तयार माल तपासत होते, आणि कारखान्यातून सुटले की चंद्र. दीड महिन्यापूर्वी ते गेले.

त्यांच्या मुलीचा, सुनीताचा फोन आला तेव्हा मी आमच्या साप्ताहिकाची प्रुफं वाचत बसले होते. “मुक्ता, नाना गेले गं. आईकडं चहा मागितला, ती कप घेऊन बाहेर आली तोवर…” माझ्या हातात लाल पेन होतं आणि पानावर अर्धवट काढलेला गोल. सांगायला लाज वाटते, पण नानांनी खोटं खपवून घेतलं नसतं म्हणून सांगते : पहिल्यांदा मनात आलं ते दुःख नव्हतं. मनात आलं, आता माझ्या चुका कोण काढणार? त्यांच्या इच्छेप्रमाणे डोळे दिले. रामकुंडावर दशक्रिया वगैरे काही करायचं नाही, हे ते दहा वेळा बजावून गेले होते. चौथ्या दिवशी नातवानं शोकसभेचं छोटं पत्रक छापून आणलं. नानांच्या पत्नीनं, आम्ही सगळे त्यांना नानी म्हणतो, चष्मा लावून ते दोनदा वाचलं. नानी मूळच्या सटाण्याकडच्या, राग आला की त्यांची अहिराणी बाहेर येते. “एकाहत्तर? एकोणसत्तर शे!” त्या कडाडल्या. मग उठल्या, खुंटीवरच्या नानांच्या सदऱ्याच्या खिशातून लाल पेन्सिल काढली आणि जमिनीवर बसून एकेका पत्रकावरचं वय दुरुस्त करायला लागल्या. आम्ही सगळ्या बायका भोवती बसलो होतो. रडता रडता आधी सुनीताला हसू फुटलं, मग मला, मग खुद्द नानींना…

माझं बालपण पत्रकांत गेलं. माझे वडील, ज्यांना सगळ्या गावाबरोबर मीही भाऊच म्हणते, बुवाबाजीविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, महागाईविरुद्ध, जे जे डाचेल त्याविरुद्ध पत्रक काढायचे. गठ्ठे आमच्या खाटेखाली असायचे. माझ्या शाळेच्या वह्यांना त्याच कागदाची कव्हरं, डब्यातल्या पोळीखालीही तोच कागद; मधल्या सुट्टीत मैत्रिणी पोळी उचलून ‘आज कशाचा निषेध?’ म्हणून बघायच्या. पत्रक वाटणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते : दहातले आठ जण ते घडी घालून खिशात कोंबतात, एक जण त्यात शेंगदाणे घेतो, आणि एखादाच वाचतो. पण वाचून, चुकांवर लाल खुणा करून ते पत्रक परत आणून देणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच निघाला.

तो चौऱ्याण्णवचा पावसाळा. एक धूमकेतू गुरूवर आदळणार अशी बातमी होती आणि आमच्या गल्लीत काहींनी जगबुडीची तयारी चालवली होती. भाऊंनी तत्परतेनं पत्रक काढलं. तिसऱ्या दिवशी दारात एक सडसडीत माणूस उभा. अंगात कारखान्याचा खाकी शर्ट, खिशात मायक्रोमीटरची डबी आणि लाल पेन्सिल. “भाऊ, माल चांगला आहे,” त्यांनी पत्रक पुढं केलं, “पण एके ठिकाणी माप चुकलंय. धूमकेतू आपोआप फुटला असं तुम्ही लिहिलंय. आपोआप काय फुटत नसतं. गुरूनं फोडला त्याला, दोन वर्षं आधी, तो जवळून गेला तेव्हा.” भाऊ आधी चकित झाले आणि मग खूष झाले. असा वाचक मिळायला नशीब लागतं, असं ते म्हणणार होते, पण नशिबावर त्यांनी नुकतंच पत्रक काढलेलं होतं. त्यांनी नुसतंच “बसा, चहा घ्या” म्हटलं.

चहाबरोबर आईनं बुंदीचा लाडू ठेवला आणि नानांनी तो खाण्याऐवजी हातात धरला. भरती म्हणजे काय, ते मला त्या लाडवानं शिकवलं. नाना म्हणाले, एखादा जड ग्रह एका बाजूनं ओढतोय असं समज. लाडवाची जवळची बाजू त्याला जास्त जवळ, म्हणून ती जास्त जोरानं ओढली जाणार. लांबची बाजू कमी जोरानं. सगळा लाडू सारख्या जोरानं ओढला गेला असता तर काही बिघडलं नसतं, तो गुपचूप तिकडं गेला असता. बिघडतं ते ओढीतल्या फरकामुळं. त्या फरकानं लाडू ताणला जातो. म्हणून फुगवटा दोन्ही बाजूंना येतो, आणि म्हणून समुद्राला दिवसातून एकदा नाही, दोनदा भरती येते. लाडू घट्ट वळलेला असेल तर नुसता लांबट होईल, सैल वळलेला असेल तर एका ठरावीक अंतराच्या आत गेला की मोडणार. “तो धूमकेतू सैल वळलेला होता,” असं म्हणत त्यांनी लाडू दोन बोटांनी हलकेच ताणला आणि आमच्या सतरंजीवर बुंदीचा सडा पडला. आई कपाळाला हात लावून म्हणाली, “माझा लाडू सैल नव्हता हं!” नानांनी एकेक कळी वेचून खाल्ली. “नाय नाय वहिनी, गुरू जरा जोरात होता.”

त्या लाल पेन्सिलीचं मूळ कारखान्यात होतं. नाना मालाच्या तपासणीत होते. यंत्रावरून उतरलेला प्रत्येक नग मापायचा, केसाएवढा फरक निघाला तरी त्यावर लाल खूण करायची. त्यावरून कामगार त्यांना ‘लालबुवा’ म्हणत, आणि दिवाळीच्या आधी, उत्पादन घाईत असायचं तेव्हा, याहून वाईटही काही म्हणत. पण नाना लाल खुणेचा अर्थ वेगळा सांगायचे. “पोरी, लाल म्हणजे भंगार नव्हे. भंगाराचा ढीग वेगळा. लाल म्हणजे रिवर्क. परत यंत्रावर चढवा, नीट होईल. भंगारावर कोण पेन्सिल झिजवतं?” हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. ते कळायला सव्वा वर्ष लागलं.

पंचाण्णवच्या दिवाळीत सूर्यग्रहण होतं. पंचवटीतले एक ज्योतिषी, ज्यांना सगळे नुसतं गुरुजी म्हणत, तेव्हा प्रवचनांतून सांगत होते की चंद्र एवढा मोठा समुद्र हलवतो, माणसाचं शरीर बहुतांशी पाण्याचं, मग ते हलणार नाही का? तेव्हा गरोदर बायकांनो, अमुक करा, तमुक कापू नका. माझ्या मावशीला तेव्हा सातवा महिना होता आणि तिला सासूनं ग्रहणात हलायचं नाही, पाणी प्यायचं नाही, अशी महिनाभर आधीपासून तंबी दिली होती. माझं डोकं फिरलं. भाऊ म्हणाले, या वेळचं पत्रक तू लिही. आयुष्यातलं माझं पहिलं पत्रक! मी एका बैठकीत लिहून काढलं. ‘चंद्र, ग्रहण आणि आपण’ असं नाव, पिवळा कागद, चार पानं. तिसऱ्या पानावर माझ्या मते सगळ्यात जळजळीत ओळ होती, आणि ती ठळक टायपात होती : ‘चंद्र ओढतो ते समुद्राचं पाणी. दगडमातीशी त्याचं सोयरसुतक नाही. आणि नाशकात समुद्र नाही! तेव्हा नाशिककरांनो, चंद्राला घाबरता कशाला?’ भाऊंनी मोठ्यानं वाचून दाखवलं, चळवळीतल्या सगळ्यांनी टाळ्या दिल्या. दोन हजार प्रती छापल्या. पहिल्याच दिवशी सीबीएस बसस्थानकावर आणि सातपूरच्या कारखान्यांच्या दारांत मी पाचशे वाटल्या. समुद्र नसलेल्या गावातली माणसं त्या ओळीला दाद देत होती, एक रिक्षावाला तर खदखदून हसला.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुटल्यावर नाना आले. हातात पिवळं पत्रक, तिसऱ्या पानावर लाल गोल.

“मुक्ताबाई, टाळी लय जोरात वाजेल. पण ओळ खोटी आहे.”

“खोटी कशी? नाशकात समुद्र आहे?”

“समुद्र नाय. भरती आहे.”

मला वाटलं थट्टा करताहेत. पण नानांचा चेहरा माल तपासतानाचा होता. चंद्राला पाणी आणि दगड यांतला भेद कळत नाही, ते म्हणाले. तो सगळ्यालाच ओढतो. पाणी पातळ, म्हणून त्याचं दिसतं. दगड ताठ, म्हणून तो थोडा वाकतो, पण वाकतो. आपल्या पायाखालची जमीनसुद्धा दिवसातून दोनदा वर येते आणि खाली बसते, कधी वीतभर, कधी त्याहून कमी. रामकुंड, बसस्थानक, द्राक्षबागा, सातपूरचे कारखाने, सगळं एकदम वर जातं आणि एकदम खाली येतं, म्हणून कोणाला कळत नाही. “आणि दगडाला भरती नसती,” ते म्हणाले, “तर आपल्याला चंद्राची एकच बाजू दिसली नसती. चंद्र काय समुद्र घेऊन फिरतो? तो कोरडा दगड. एकेकाळी तोही स्वतःभोवती भराभर गरगरत असणार. पृथ्वीनं त्याच्या दगडाला भरती आणून आणून ब्रेक लावला, शेवटी तो आपल्याकडं तोंड करूनच थांबला. तुझ्या ओळीनं तर सगळं आभाळच मोडीत निघतं गं!”

भाऊ मध्ये पडले. “नाना, दोन आठवड्यांवर जाहीर सभा आहे. गुरुजी येणार आहेत. आपणच आपली चूक सांगितली तर ते फाडून खातील. हेतू चांगला आहे ना पोरीचा? राहू द्या एक ओळ.” मीही तावातावानं बोलले. माझ्या मावशीला तिथं पाण्याचा घोट नाकारताहेत आणि तुम्ही वीतभर जमिनीचा हिशेब घालताय! नानांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “समोरच्याचं खोटं तपासायला आपण आहोत. आपल्या खोट्याला कोण आहे?” आणि वाटायला काढलेला गठ्ठा त्यांनी हळूच परत खाटेखाली सरकवला. “हा माल मी पास करणार नाय.”

मी चिडून म्हटलं, “मग दाखवा मला. नाशिकची जमीन हलताना दाखवा, मी स्वतः छापून माफी मागते.” मला वाटलं, झालं, गप्प बसतील. नाना म्हणाले, “रविवारी मोकळी आहेस?”

रविवारी आम्ही एसटीनं पिंपळगाव बसवंतला गेलो, त्यांच्या बहिणीच्या द्राक्षबागेत. तिथं एक जुना बोअर होता, मोटर काढून टाकलेला. नानांनी आदल्याच आठवड्यात, म्हणजे माझी शर्त ऐकायच्या आधीच, त्यावर एक खटाटोप बसवलेला होता : आत पाण्यावर तरंगणारी बंद डबी, तिला दोरा, दोरा कारखान्यातल्या एका नापास बेअरिंगवरून बाहेर, आणि टोकाला आलेखाच्या कागदावर हलणारा काटा. जमीन फुगली की खोल खडकातल्या फटी किंचित उघडतात आणि बोअरमधलं पाणी किंचित खाली जातं; बसली की वर येतं. फरक अर्ध्या बोटाचा, तोही मिळाला तर. दर दोन तासांनी बहिणीनं काट्याची जागा टिपायची, असा हुकूम होता. बहिणीचे यजमान, दाजी, बांधावर बसून हे सगळं बघत होते. “लोक बोअरला पाणी लागावं म्हणून नारळ फोडतात,” ते मला म्हणाले, “आणि हा माणूस त्याचा श्वास मोजतोय. नाना, थर्मामीटर पण लावून बघा, ताप असंल त्याला!” नाना म्हणाले, “दाजी, तुमच्या शेजाऱ्याची मोटर चालू झाली की मला वेळ लिहून ठेवा, थट्टा नंतर करा.”

सभेच्या तीन दिवस आधी नाना आलेख घेऊन घरी आले. सतरंजीवर तो पसरला. दिवसातून दोनदा, अगदी रांगोळीच्या ठिपक्यांसारखं, पाणी खाली आणि वर, खाली आणि वर. भाऊ वाकून ठिपके मोजायला लागले. मीही. नाशिक खरोखरच श्वास घेत होतं. मी हरले होते आणि मला त्याचा इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी उभं राहिलं… आणि तेवढ्यात नानांनी खिशातून लाल पेन्सिल काढली आणि स्वतःच्याच आलेखावर मोठा गोल केला. सातातले चार दिवस त्या गोलात गेले.

“हे काय?” मी विचारलं.

“या चार दिवशी शेजारच्या बागेत मोटर चालली. दाजींनी वेळा लिहून ठेवल्यात. पाणी चंद्रानं उतरलं का मोटरनं, सांगता येत नाय. म्हणजे हा भाग नापास.”

“अहो पण तो तुमच्याच बाजूचा आहे!”

“म्हणूनच,” ते म्हणाले. “उरले तीन दिवस. तेवढ्यावर पुरावा म्हणता येत नाय, शंका घेता येते. पक्कं माप मोठ्या यंत्रांनी केलंय, ते मी वाचनालयातल्या पुस्तकात वाचलंय, पुस्तक तुला देतो. हे आपलं घरगुती.”

मला त्यांनी आलेखानं हरवलं नव्हतं. आलेख तर त्यांनी स्वतःच निम्मा खोडला. जिंकायच्या क्षणी स्वतःच्या मालावर लाल खूण करणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते, आणि अजूनपर्यंत शेवटचाच. भाऊ मोठे शूर होते, लाठ्या खाल्लेले. पण हे शौर्य आमच्या घरात नव्हतं. त्याच संध्याकाळी मी अर्ध्या पानाचं पत्रक लिहिलं. मथळा ‘माझी चूक’. ‘आधीच्या पत्रकात मी लिहिलं की चंद्र फक्त पाणी ओढतो. हे चूक आहे. दगडालाही भरती येते. नाशिकच्या जमिनीलाही येते. मात्र त्यामुळं गर्भाला काहीही होत नाही, हे तेव्हाही खरं होतं आणि आताही खरं आहे.’ खाली माझं पूर्ण नाव. उरलेल्या दीड हजार पिवळ्या प्रती आम्ही हातानं दुरुस्त केल्या. भाऊ, मी, नाना आणि नानी, चार लाल पेन्सिली. नानी बडबडत होत्या, “चंद्राच्या नादी लागून माणसं वेडी होतात म्हणे. हे मात्र खरं असावं.”

सभेला पंचवटीतल्या एका शाळेचं पटांगण भरलं होतं. मी माझी चूक वाचून दाखवली. गुरुजी समोरच बसले होते, मी त्यांच्या हातात पत्रक दिलं. भाऊंना भीती होती तसंच झालं. गुरुजी उठले, गोड हसले आणि म्हणाले, “मुलगी प्रामाणिक आहे. आता तिनंच कबूल केलं की चंद्र दगडसुद्धा हलवतो. मग मऊसूत माणसाची काय कथा!” लोकांत हशा. तेवढ्यात मागून नाना उभे राहिले, कारखान्याच्याच शर्टात.

“गुरुजी, एक माप सांगतो. ओढीनं भरती येत नाय, ओढीतल्या फरकानं येते. पृथ्वीची जवळची बाजू आणि लांबची बाजू यांत पावणेतेरा हजार किलोमीटर अंतर आहे. म्हणून फरक पडतो. तुमच्या शेंडीत आणि टाचेत अंतर किती? साडेपाच फूट?”

“पाच फूट चार इंच,” गुरुजी गंभीरपणे म्हणाले, आणि पटांगण फुटलं.

“तेवढ्यात काय फरक पडणार? आणि माप काढायचंच तर हे काढा : आईनं लेकरू कडेवर घेतलं, तर लेकराच्या अंगात आईमुळं जी भरती येते, ती चंद्रापेक्षा कितीतरी जास्त. कारण आई बारकी असली तरी जवळ आहे. तेव्हा पत्रिका मांडायचीच तर ग्रहांची कशाला? आईची मांडा!”

बायकांच्या बाजूनं जी टाळी आली ती मला अजून ऐकू येते. गुरुजीही हसत होते, हे मला कबूल केलं पाहिजे. तेव्हा मला ते आवडलं नव्हतं. माझ्या मावशीनं ग्रहणाच्या दिवशी सकाळी सासूसमोर तांब्याभर पाणी प्यायलं. पुढं यथावकाश तिला मुलगी झाली. ती आता सहावीत आहे आणि फार बोलते. ग्रहण आम्ही नानांच्या घराच्या गच्चीवर पाहिलं, नानींच्या बुंदीच्या झाऱ्यातून. झाऱ्याच्या प्रत्येक भोकातून उन्हाचा एकेक ठिपका आमच्या पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर पडत होता आणि प्रत्येक ठिपका चंद्रकोरीच्या आकाराचा. शंभर सूर्य, शंभरही खाल्लेले. नाना म्हणाले, भरतीमुळं चंद्र दर वर्षी आपल्यापासून लांब सरकतोय, नख वाढतं तेवढा. फार फार काळानं तो इतका लहान दिसेल की सूर्य पुरता झाकणारच नाही. “आपण बरोबर वेळेवर जन्मलो बघ.” नानी झारा धरून धरून दमल्या होत्या. “चंद्र वर्षाला नखाएवढा लांब जातो, त्याचं एवढं कौतुक,” त्या म्हणाल्या. “आमचे हे रोज सातपूरला जातात, विचारतं कोणी?”

पुढं कारखाना बंद पडला. नानांना मुदतीआधी घरी बसवलं, पण घरी बसतील ते नाना कसले. ते पेठ-सुरगाण्याकडच्या शाळांत जायला लागले, पिशवीत द्राक्षमांडवाच्या तारेचे तुकडे घेऊन. मुलांच्या हातात तार द्यायची, तीच जागा मागं-पुढं वाकवायला लावायची आणि मग म्हणायचं, आता गालाला लाव. पोरं चटका बसून ओरडायची. “गुरू त्याच्या एका चंद्राला असाच सारखा वाकवतो. म्हणून तो चंद्र आतून वितळलाय, त्यावर सारखे ज्वालामुखी फुटतात.” एकदा मी त्यांच्यासोबत होते. पेठजवळच्या शाळेत एका मुलीनं विचारलं, मग आपला चंद्र पडंल का? नानांना हा प्रश्न फार आवडायचा. मंगळाला एक चंद्र आहे, ते म्हणाले, तो मंगळाच्या स्वतःभोवती फिरण्यापेक्षाही घाईत त्याला फेऱ्या मारतो. भरती त्याला मागं खेचते, तो आत आत येतोय, एक दिवस मोडणार. आपला चंद्र दमानं चालतो, भरती त्याला पुढं ढकलते, तो लांब जातो. मुलगी विचार करून म्हणाली, “मंग घाई केली का पडतं.” नाना माझ्याकडं वळले. “लिहून घे. तुझ्यासाठी आहे.”

आणि ते खरंच माझ्यासाठी होतं. मी तोवर साप्ताहिकात लिहायला लागले होते, दर आठवड्याला कोणावर तरी तुटून पडत होते. नानांच्या मात्र प्रत्येक शब्दाला मान डोलवायचे. एके दिवशी ते वैतागले. “चंद्रासारखी कायम एकच बाजू काय दाखवतेस? भांड माझ्याशी. नायतर मला कसं कळणार, मी कुठं चुकतोय?” मग आम्ही भांडायला लागलो. धरणं, देव, मोबाइलचे मनोरे, काहीही. मी दोनदा जिंकले. दोन्ही वेळी त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली आणि स्वतःच्या वहीतली ओळ माझ्याकडून खोडून घेतली.

पण एक गोष्ट त्यांना शेवटपर्यंत टोचत राहिली. दुरुस्त केल्या त्या दीड हजार प्रती. पहिल्या दिवशी वाटलेल्या पाचशे तशाच बाहेर गेल्या होत्या. नाना कुणाच्याही घरी गेले, लग्न असो, बारसं असो, की हळूच विचारायचे, “पंचाण्णवचं एक पिवळं पत्रक आहे का हो तुमच्याकडं?” फडताळातल्या डब्यांखाली, जुन्या पंचांगात, शिलाई यंत्राच्या खणात, अशा कुठून कुठून ती निघाली. नाना ओळ खोडायचे, बरोबर ओळ लिहायचे आणि खाली तारीख घालायचे. मी एकदा म्हटलं, “चूक माझी होती, तुम्ही का एवढं धावताय?” ते म्हणाले, “छापताना तुझी होती. बाहेर गेल्यावर सगळ्यांची.” शेवटच्या भेटीत, जाण्याच्या तीनच आठवडे आधी, त्यांनी मला सिन्नरच्या एका घरात सापडलेली प्रत दाखवली, एखाद्यानं नात दाखवावी तशी.

शोकसभेला शंभरेक माणसं जमली. जुने कामगार होते, ज्यांनी त्यांना लालबुवा म्हटलं होतं. सभा संपत आली तेव्हा काठी टेकत गुरुजी आत आले. तेरा वर्षांत खूप थकले होते. त्यांनी झब्ब्याच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला पिवळा कागद काढला. तिसऱ्या पानावरची ठळक ओळ जशीच्या तशी, एकही लाल रेघ नाही.

“नानांनी कितीदा मागितली,” ते म्हणाले, “मी दिली नाही. म्हटलं, पुन्हा वाद झाला तर हत्यार असावं. दर पौर्णिमेला ते देवळाबाहेर भेटायचे, म्हणायचे, गुरुजी, माझा एक नग तुमच्याकडं राहिलाय…” कागद माझ्यापुढं धरून ते म्हणाले, “आता वाद कुणाशी घालू? घे. खोड.”

नानींनी मला सदऱ्यातली ती पेन्सिल दिली. बोटाच्या पेराएवढी उरली आहे, टोक सुरीनं तासलेलं. मी ओळ खोडली, बरोबर ओळ लिहिली, तारीख घातली. गुरुजींनी कागद लांब धरून वाचला. “अक्षर जरा गिचमिड आहे,” ते म्हणाले, “नानांनी पास केलं नसतं.” आणि त्यांनी तो पुन्हा घडी घालून, पिशवीत ठेवून, परत नेला.

ती पेन्सिल आता माझ्या टेबलावर आहे. हा लेखही तिच्याखालून गेलाय. मला तुमच्याकडून हवं आहे ते एवढंच : आज जेवणं झाली की घरातली जुनी फडताळं, डब्यांखालचे कागद, आजोबांच्या पेट्या एकदा बघा. चार पानी पिवळं पत्रक, ‘चंद्र, ग्रहण आणि आपण’. सापडलं तर फेकू नका. तिसरं पान उघडा, ठळक ओळ लाल पेन्सिलीनं खोडा आणि तिच्या खाली स्वच्छ अक्षरात लिहा : दगडालाही भरती येते. मग तारीख घाला. आणि पिवळं पत्रक नाहीच सापडलं, तर तुमची स्वतःची अशी एखादी ओळ कुणाच्या तरी घरात पडून असेलच. पेन्सिल घ्या आणि त्या घरी जा.